डबल बेल

खानापूर स्टँडसमोर, कौलांच्या वखारीवर आमचा क्लास.
सहा खुर्च्या, चार मशीन.
पहिल्या दिवशी मी कुणाच्या हातात माऊस देत नाही,
स्क्रू-ड्रायव्हर देते.

पत्रा निघाला. आत लाल धूळ,
भट्टीची, इथल्या प्रत्येक घरात असते तीच.
रेणुका कुंभारनं फुंकर मारली.
"आत पंखा पण आहे की ओ, मॅडम."
आहे. सारखी बेरीज करणाऱ्याचं डोकं तापतं.

मागच्या खुर्चीवर मल्लाप्पा तोपिनकट्टी,
एकतीस वर्षं लोंढा लाईनला कंडक्टर.
पेन्शनचा फॉर्म कुणाकडनं तरी भरून घेतला,
त्या कुणीतरी पासवर्डही स्वतःकडंच ठेवला.
म्हणून आले.

मी बटण दाबलं. एकच बीप.
"थांबली काय ओ गाडी?"
नाही काका, एक बीप म्हणजे सगळं जागेवर आहे, निघाली.
"उलटंच की. आमच्यात एक बेल म्हणजे थांब,
डबल म्हणजे सोड."
आणि वहीत लिहून घेतलं, वेबिलावरच्या बारीक अक्षरांत:
इथं एकच.

ऑपरेटिंग सिस्टिम मी फळ्यावर तीनदा काढली.
चौकोन, बाण, चौकोन.
सगळे बाणाकडं बघत बसले.
शेवटी तेच म्हणाले,
"ड्रायव्हरला इंजिन कळतं. प्रवाशाला आपलं गाव तेवढं कळतं.
मधे एकजण लागतोय, दोन्हीकडचं बोलणं येणारा.
खिडकी कुणाला, टपावर काय,
कोण दोन जागा अडवून झोपलंय, कुणाला खाली उतरवायचं.
गाडी तो चालवत नाही.
पण तो चहाला गेला की गाडी तिथंच."
मी फळा पुसला.

बुधवारी केबल.
आठ तारा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा…
रेणुकानं दोन टोकं वाया घालवली,
तिसरं दातात धरून सरळ केलं. ते लागलं.
दोन मशीनमधे आता एक निळी दोरी,
दोघांना एकेक नंबर.

"गावाचं नाव नाही लागत?"
लागतं काका, पण ते माणसांसाठी. आत नंबरच.
ते जरा गप्प झाले.
"स्टँडवरचा बोर्ड माझ्यासमोर दोनदा रंगवला.
बेळगाव म्हणा, बेळगावी म्हणा.
गाडी त्याच फलाटाला लागत होती."

मग एका बोटानं टाईप केलं: पिंग,
एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, पाच.
पलीकडच्या मशीनवर इराण्णा.
एक उत्तर आलं. दोन. तीन. चार.
"बंतु!" इराण्णा ओरडला, जणू त्यानंच पाठवलं.
काय विचारलं यानं, म्हणाले.
आहेस का, असं.
आणि तो?
आहे, म्हणाला. चारदा.
"म्हणजे घरातनं निघताना आपण येतो म्हणतो, तसंच.
फरक एवढाच की हा खरंच येतोय."

तेवढ्यात पंखे थांबले. पडदे काळे.
"होतु," इराण्णा म्हणाला.
"माझं अख्खं पान होतं की ओ!" रेणुका.
होतु म्हणजे गेलं. होतं म्हणजे होतं.
अंधारात मला दोन्ही एकच ऐकू आले.
रॅम शिकवायची राहिली होती,
आता वेगळी शिकवायला नको.

"तिकिटाच्या पाठीवर लिहिलेली बाकी," मल्लाप्पा म्हणाले,
"पावसात भिजली की प्रवासी शंभर सांगतो, आपण वीस.
वहीत उतरवायचं लगेच. दर स्टॉपला."

मेणबत्ती सापडेपर्यंत ते जिन्याशी पोचले होते.
कानाजवळ वाकून नवा पासवर्ड सांगू लागले,
मी दोन्ही कानांवर हात ठेवले.
हसले. चपला चाचपल्या.
येतो, म्हणाले,
शुक्रवारी, सहाच्या बॅचला.