खो

घोगरे सर म्हणायचे,
पाटीवर बसलेल्या गड्याचे कान पाठीला पाहिजेत.
खो पडला की उठायचं, विचार नंतर.

धाराशिवच्या मैदानावर, सतराव्या वर्षी,
खांबाजवळ सूर मारला
आणि गुडघ्यात काहीतरी निसटलं.
मोठा आवाज झाला नाही,
वाळलेली शेंग फुटावी तेवढाच.
अश्लेषा पुढे पळत होती, ती वाचली.
डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला, म्हणाले,
गादीचा टवका गेलाय,
हे परत येत नसतं.

गल्लीत म्हणाले, पोरीच्या खेळाला खो बसला.
एकच शब्द,
उठवायलाही, बसवायलाही.

का येत नाही परत, हे नीट विचारायला
मला बारा वर्षं लागली.

कूर्चेत रक्तवाहिनी नसते.
मज्जातंतू नसतो.
लागलं तर तिला कळत नाही,
आणि कळवायचं म्हटलं तर कुणाला?
पेशी आपापल्या खळग्यात बसून,
एकीची दुसरीशी गाठ नाही,
जन्मभर पाटीवर बसलेल्या गड्यांसारख्या,
ज्यांना कुणी खो दिलाच नाही.

आता संभाजीनगरात सकाळी सातला
मी मुस्तकीम कुरेशीच्या दुकानी उभी असते.
बकरीचा मागचा पाय, गुडघा न फोडता.
"रोज पाये का शोरबा, मॅडम?"
एकदा खरं सांगितलं.
हसला नाही. अम्मीचा गुडघा सांगत बसला.
त्या दिवसापासून सुरी जपून चालवतो.

कोष जालन्याच्या बाजारातून येतात,
डागी, जुळे, लिलावात मागे पडलेले.
धुण्याच्या सोड्यात अर्धा तास उकळले
की रेशमाचा डिंक सुटतो,
सगळ्या मजल्याला वास लागतो,
हातात उरतो ओल्या केसांचा पांढरा गुंता.
तो क्षारात विरघळवायचा,
मग तीन दिवस पाण्यात, सहा वेळा पाणी बदलून.
आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी.
कॅन भरून ठेवते, भिंतीवर हिशेब लिहिते:
रेशमाला इतकं, चहाला इतकं.

मग गोठवायचं, आणि बर्फ वितळू न देता उडवून लावायचा.
बर्फ होता तिथे भोकं राहतात.
बत्ताशाएवढा स्पंज, बत्ताशासारखाच हलका.
शोधनिबंधात मी त्याला आधारजाळी लिहिते.
मनात चौकोन म्हणते.

सपाट ताटलीत पेशी पसरतात,
भराभर वाढतात,
आणि आपण कोण होतो ते विसरतात.
खोलगट जागा दिली, चारी बाजूंनी धरलं,
वरून थोडा दाब,
चालताना पडतो तसा, सेकंदाला एक,
तर हळूहळू आठवतं.

दाबाचं हे तेव्हा कुणी सांगितलं असतं मला!
तो अख्खा उन्हाळा मी पाय उशीवर ठेवून
जपत बसले होते.

पहिले चौदा नमुने बुरशीने खाल्ले.
पंधराव्याच्या वेळी दोन रात्री वीज नव्हती.
सोळाव्याची काच एकविसाव्या दिवशी
भिंगाखाली सरकवली, तर रंग चढलेला. लाल.
फार नाही, कडेकडेने,
कुंकवाचं बोट पुसावं तसा.
पण माझ्या रेशमाखेरीज
त्यांचं त्यांनी काही विणलं होतं.

सरांना फोन लावला.
सत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघे गेलेले.
"मंग मला कधी बसवतीस?"
बकरीतसुद्धा नाही बसवलं अजून, सर.
ताटलीतच आहे.
पलीकडे खुर्ची करकरली.
"असू दे. बस तिथंच. कान पाठीला ठिव."

खालच्या फळीवरची डबी उचलताना
गुडघा कट् वाजला.
दार लावलं, सदतीस अंश पाहिले.
कॅनमध्ये दीड लिटर.
उद्या नळाचा दिवस.