पाठ

रणातून पळाला की म्हणतात, पाठ दाखवली.
एवाल्ड ग्रुश्कानं मला नऊ वर्षं पाठच दाखवली,
आणि जागचा हलला नाही.

मी गोलकीपर. माझ्या पुढ्यात ती पाच आकड्याची पाठ,
उजवा खांदा जरा उतरलेला,
रुदोव्याच्या काजळी पावसात
पहिल्या पाचच मिनिटांत करडी होणारी.
चेहरा त्याचा मला दारूच्या टेबलावर माहीत,
चर्चमध्ये, न्हाव्याकडे.
मैदानावर नाही.

आमच्या मैदानाखाली खाण होती.
साडेचारशे मीटर खोल त्याचा बाप
छताला लाकडी टेकू ठोकायचा,
आणि वर, जवळजवळ त्याच ओळंब्यात,
पोरगा पाय रोवून उभा.
कोळसा निघत गेला तशी जमीन बसत गेली.
चिमणीकडचा डावा गोलखांब आधी खचला.
उन्हाळ्यात क्लब मातीचे ट्रक ओतायचा,
हिवाळ्यात जमीन ती निमूट गिळायची.
त्या कोपऱ्यात आलेला चेंडू
काही कारण नसताना आत वळायचा.
पाहुणे चकायचे. मीही चकायचो.
एवाल्ड आधीच तिथं पोचलेला असायचा,
रात्री दिवा न लावता
घरातली तुटकी पायरी चुकवावी तसा.

अठरा वर्षांत त्यानं एकच गोल केला,
तोही माझ्यावर.
डोक्यानं. फार सुंदर होता, खरं सांगतो.
रविवारभर कुणी त्याच्याशी बोललं नाही,
सोमवारी बेकरीवाल्या हेड्विगाबाईंनी
पावाबरोबर एक खसखशीचा केक फुकट दिला
आणि म्हणाल्या, निदान नेम तरी आहे.

ब्याण्णव साली उंटाच्या रंगाचा कोट घालून
जर्मनीहून एक माणूस आला.
एवाल्डच्या बापाच्या कबुतरखान्याखाली बसून
त्यानं आकडा सांगितला.
कोटाच्या बाहीवर एका मादीनं आपलं मत नोंदवलं.
त्या वर्षी क्लब आम्हाला पगाराऐवजी
कोळशाच्या पावत्या देत होता,
दीड टन, दोन टन, सामन्यागणिक.
एवाल्डनं कोट पुसायला फडकं आणून दिलं
आणि म्हणाला,
डावा खांब बारा सेंटिमीटर खाली आहे.
नव्या माणसाला कळायचं नाही.

कोटवाल्याला वाटलं, भाव वाढवतोय.

मग तो माझ्याकडे आला. मी गेलो.
मी काही त्याबद्दल माफी मागत नाही.
मुलीचे दात, आईचं छप्पर, सगळं त्या पैशातून झालं.
तिकडं जमीन काचेसारखी सपाट,
माझ्यापुढे महागड्या पाठी.
एकदा कॉर्नर येताना मी ओरडलो, एवाल्ड!
तिघांनी वळून पाहिलं,
आणि चेंडू आत.

त्याच्या शेवटच्या सामन्याला मी आलो, तिकीट काढून.
खाण तोवर बंद झालेली, क्लब दोन पायऱ्या खाली,
स्टँडमध्ये तीनशे माणसं आणि एक तुतारी.
मी समोरच्या गोलामागे उभा राहिलो
आणि सामना खेळताना त्याचा चेहरा
पहिल्यांदाच पाहिला.

तो घाबरलेला होता.
सहा-शून्यानं हरत असताना, ज्याला काही अर्थ नाही
अशा चेंडूलाही घाबरलेला.
ओठ सारखे हलत होते.
म्हणजे अठरा वर्षं हे असं चाललं होतं,
आणि मी मागं निर्धास्त,
हातमोज्यांत थुंकत,
त्या पाठीला डोंगर समजत.

त्याला हे मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला गेलो.
मैदान ओलं. डाव्या खांबाशी
तो गुडघ्यांवर बसलेला,
बापाची गवंडीकामाची पट्टी जमिनीला टेकवून
हिरव्या द्रवातला बुडबुडा बघत.
बाजूला मातीची ढकलगाडी.
खाण बंद झालीय ना, मी विचारलं,
आता किती?

सतरा, म्हणाला,
न वळता.