पुढे बदक, मागे कोंबडी

डब्यावर पुढे बदक आहे.
तळ्यात, हिरव्या मानेचं, मजेत.
डबा फिरवला, चष्मा कपाळावरून खाली ओढला,
तर मागे बारीक अक्षरात: बदक चार टक्के,
कोंबडीचं काळीज, कोंबडीचा रस्सा,
आणि इतर प्राणिजन्य पदार्थ.
इतर म्हणजे कोण, ते लिहिलेलं नाही.
ठेवला परत.

अल खुवैरच्या या दुकानात
कुत्र्यांचं कपाट सगळ्यात शेवटी, झाडू-फिनेलच्या पलीकडे.
दर गुरुवारी सुटल्यावर मी तिथे उभी.
टाइलच्या कंपनीत वीस वर्षं हिशेब तपासलेत,
कुठल्या ओळीत काय लपवतात
ते मला कळतं.

कुत्र्याचं नाव बिस्कुट.
मी नाही ठेवलं. चौथ्या मजल्यावरचे लोक
नोकरी संपली तसे गेले.
फ्रिज विकला, पडदे विकले,
हा जिन्यात राहिला, पट्ट्यावर नाव घेऊन.
आता नाव बिस्कुट, आणि बिस्किट वर्ज्य.
गहू नको, दूध नको, कोंबडी तर नकोच.
खाल्ली की रात्रभर पंजे चाटत बसतो,
चाटून चाटून तांबडे करतो,
आणि पहाटे तीनला दाराशी जाऊन
माझ्याकडे असा बघतो की चूक माझीच.
होतीच. मी डब्याचं पुढचंच वाचलं होतं.

डॉक्टर इम्तिसाल खार्तूमच्या. मोजकं बोलतात.
"एकच मांस. आठ आठवडे. दुसरा कण नाही."
आठ!
आमच्या गुरुनाथला श्रावणाचे चार झेपत नाहीत.

सशाचा डबा दोन रियाल चारशे बैसा.
कांगारूचा विचारलाच नाही.
मेंढीचा परवडतो, पण त्याच्या नेमक्या त्या यादीवर
आयात करणाऱ्याची अरबी चिठ्ठी डकवलेली.
शमनादला हाक मारते. मलप्पुरमचा पोरगा,
मदरशात शिकलाय, घडाघडा वाचतो,
अर्थ मात्र लागत नाही म्हणतो, आणि हसतो.
मग दोघं मिळून नखाने चिठ्ठी सोलतो.
वीस वर्षांत मला अरबी आली नाही,
पण दजाज हा शब्द आता
हात लांबूनही दिसतो.

वेंगुर्ल्याला बाबांना बांगडा चालत नसे.
बंदरापासून चार घरं आमचं,
आणि बाबा पडवीत, ताटात वरणभात.
लोकांना ते लाड वाटायचे.
एका लग्नात कुणीसं म्हणालं,
अहो, तुकडा नाही वाढला, रस्साच तर आहे.
बाबांनी मान राखला.
संध्याकाळी अंगभर पित्त उठलं, गांधीच गांधी,
ओठ सुजून बोलता येईना,
आणि आई आमसुलं कोळून पाठीला लावतेय,
न बोलता, पुन्हा पुन्हा, त्याच जागी.
रस्साच तर आहे.
हे वाक्य मला इथे
चार भाषांत छापलेलं सापडतं.

(आमसूल बिस्कुटलाही लावून पाहिलं, एकदाच.
त्याने वास घेतला, आणि सोफ्याखाली
संध्याकाळपर्यंत माझ्याशी अबोला.)

मेंढीचे सहा डबे घेतले.
यादी छोटी: मेंढी, भोपळा, पाणी, क्षार.
छोट्या यादीवर माझा विश्वास बसतो.
गाडीत पाच मिनिटं राहिले तेवढ्यात
पत्रा हाताला चटका देईल इतका तापला.

सहावा आठवडा.
गुरुनाथच्या खिशात खारीचा चुरा सापडला,
भांडण झालं, ते लिहीत नाही.
दिवस पुन्हा एकपासून.

काल रात्री तीनला सवयीने जाग आली.
कान दिला.
चाटण्याचा आवाज नाही. ए.सी. चालू आहे,
आणि खाली लादीवर कुणीतरी
अगदी सावकाश श्वास घेतंय.
पाणी प्यायला उठले.
फ्रिजमध्ये त्याचा उरलेला अर्धा डबा,
शेजारी आमचे बांगडे.
दोन्हींची झाकणं
परत एकदा दाबून पाहिली.