रीडिंग

दुपारी अडीचला बेल वाजली.
मी तीस वर्षं लोकांची दारं वाजवली,
वीज कंपनीचा मीटर रीडर, मांजलपूर ते मकरपुरा.
बेल किती वेळ दाबली यावरून कळतं
माणूस काही द्यायला आलाय की न्यायला.
याची बेल मधल्यामध्ये थांबली.

निकुंज नाव. गळ्यात ओळखपत्र, लॅमिनेशन सुटलेलं.
"काका, तुमच्या बिल्डिंगमध्ये दोष आहे,"
जसं कोणी सांगावं, तुमच्या रक्तात साखर आहे.
खिशातून नाणं काढलं, स्वयंपाकघराची भिंत
ठक ठक वाजवत गेला
आणि ओट्याच्या वर, जिथे मलाही ठाऊक होतं,
आवाज पोकळ झाला.

एवढं खरं होतं.
भीती त्याचीच वाटली.

"बिल्डरवर केस आम्ही करू. तुमचा एक रुपया नाही.
अख्ख्या चौथ्या मजल्याने सह्या केल्यात.
स्कीम फक्त आजची."
फॉर्म गुजरातीत, तळाच्या ओळी इंग्रजीत,
मुंगीच्या पायाएवढ्या.
मी भिंग आणलं.
मिळतील त्यातले शंभराला चाळीस त्यांचे.
मध्येच सोडलं, तर तपासणीचे अठरा हजार माझे.
आणि यापुढे बिल्डरशी मी बोलायचं नाही.

"ठेवून जा, रात्री वाचतो."
"ठेवता येत नाही, काका."
हे एकच वाक्य तो खाली बघून बोलला.

पाणी दिलं. दोन ग्लास प्यायला.
"एका सहीचे किती मिळतात रे?"
"अडीचशे. सकाळपासून एकच झाली."
म्हणजे अख्खा चौथा मजला
एका सहीत आटोपला होता.

तो गेल्यावर ताबापत्र शोधलं,
हिच्या औषधांच्या चिठ्ठ्यांखाली सापडलं.
ताबा घेऊन चार वर्षं सात महिने.
पाच वर्षांच्या आत लेखी कळवलं
तर बांधकामातला दोष बिल्डरने स्वखर्चाने काढायचा.
हे सांगायला कुणी
भायलीच्या उन्हात चार जिने चढत नाही.

पत्र आधी मराठीत लिहिलं. त्यात राग फार झाला.
गुजरातीत उतरवलं, तेव्हा हिशेबाला आलं.
रावपुऱ्याच्या पोस्टातून रजिस्टर, पोचपावतीसह.

मग समोर, तरुलताबेनकडे.
"सही केलीत?"
"केली ने. छोकरा उन्हाने लाल झाला होता."
"कागद कुठाय?"
"कागद तो घेऊन गेला."
सही मागे घेत असल्याचं पत्र मीच लिहिलं.
त्यांनी गॅस बारीक केला, चष्मा लावला
आणि शब्दन् शब्द मोठ्याने वाचून काढला,
माझाही,
मला बरं वाटलं.

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने
आडवी रेघ मारून ठेवली आहे, शेजारी तारीख.
पोचपावती आली, सही कुणाची ते लागत नाही.
आज एकोणीसावा दिवस.
स्टुलावर चढून पाहिलं.

मागचं रीडिंग, चालू रीडिंग.
फरक: तांदळाचा एक दाणा.