चिठ्ठीवर सव्वीस

लाइटच्या बिलामागे चार रकाने आखले होते:
वजन, तोल, दांडा, किंमत.
निळी डोक्याकडे जड,
स्मॅशला बरी, नेटवर जरा उशिरा पोचते.
काळी इतकी हलकी की हातात आहे हेच विसरायला होतं,
आणि विसरले की फूल फ्रेमला लागतं.
तिसरी लाल, जयमालाची,
मुठीवरची पट्टी तिच्या घामाने अजून काळपट.
गुडघ्याचं झाल्यापासून ती हॉलवर येत नाही.
हिची किंमत लिहायची राहिली.

पूलगेटमागच्या दुकानात दस्तगीर मणेर
एकेक रॅकेट तर्जनीवर आडवी ठेवतात.
ती डुलते, थरथरते, थांबते,
थांबते तिथे ते अंगठ्याचं नख टेकवतात.
"ही लाल," म्हणाले.
मी कारण विचारलं नाही.
"गटिंग नवीन?"
"हो."
"ताण किती देऊ?"

सत्तेचाळीस वर्षांत
हे कुणी आधी विचारून घेतलं नव्हतं.

"सव्वीस," म्हटलं.
सव्वीस का, तर गुंदेचांची श्रुती अठ्ठावीसवर खेळते,
तिचा ड्रॉप नेटवरून असा उतरतो
जसं मांजर ओट्यावरून.
सव्वीस का, तर कर्वेनगरच्या हॉलवर सकाळी सहाला
जो तो आधी आकडा सांगतो, मग नाव,
आणि बावीस म्हणणाऱ्याकडे सगळे
मऊ भातावर ठेवलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात.

दस्तगीरनी जुनी तार मधोमध कापली.
"सैल तार स्वतः ढकलते फूल," म्हणाले,
"ताठ तार काही देत नाही. नुसतं विचारते,
तुम्ही काय आणलंत?"
मग, मान खालीच ठेवून,
"घरी बरणीचं झाकण कुठल्या हाताने उघडता?"
"उजव्या."
खोटं. जानेवारीपासून डाव्या.

पुढे बोलणं नाही.
आधी उभ्या तारा, मधून बाहेर,
मग आडवी, एकीवरून एकीखालून,
खाट विणावी तशी.
मी स्टुलावर बसून कपाटाच्या काचेत बघत होते,
त्यात मशीनचे लाल आकडे पडले होते.
उलटे होते, पण सहा उलटला तरी
त्याचा तीन होत नाही.

बोलता आलं असतं.
काचेत त्यांची वाकलेली मानही दिसत होती,
दातांत धरलेला दाभण,
आणि बाहेर हॉर्न मारणारी कोंढव्याची बस.
शेवटची गाठ मारून त्यांनी चिठ्ठी चिकटवली,
तारीख घातली, खाली २६,
त्यातला सहा जरा जास्तच गोल.
साडेचारशे झाले.
सुट्टे होते माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी कांचन ओसवालने दांडा फिरवून चिठ्ठी वाचली.
"सव्वीस! वा."
मी बुटाची नाडी बांधत राहिले.
नंतर पहिलाच टॉस, बॅकहँडच्या कोपऱ्यातून,
शहात्तर नंबरचं फूल
कित्येक महिन्यांनी पलीकडच्या रेषेवर जाऊन पडलं,
आणि कोपर गप्प.
आवाज टण्ण नव्हता, धप्पही नव्हता.
शेजारच्या कोर्टावर श्रुतीने एकदा वळून बघितलं,
सर्व्हिस करायला परत वळली.

रात्री जयमालाचा फोन.
"माझी कशी चालतेय? किती भरलंस?"
तिलाही सव्वीसच सांगितलं.
ती हसत सुटली, खोकला येईपर्यंत.
"मणेरांकडूनच ना?" म्हणाली.

दिवाळीनंतर तार तुटली, सोळाव्या पॉइंटला,
जिंकत असताना.
शनिवारी गेले.
"गेल्या वेळेइतकाच?"
"गेल्या वेळेइतकाच."
आकड्याचं नाव दोघांनीही काढलं नाही.
दस्तगीरनी मशीनचं बटण दाबायच्या आधी
खिशातलं पेन काढून
चिठ्ठी लिहून ठेवली.