चौकोनाला गोल का म्हणतात

तिसरीतली सुकांती गावडे उभी राहिली.
बाई, पुस्तकात नाही असं विचारू?
चेंडू गोल, ते कळलं.
पण दोन खांब, वर आडवी दोरी,
ह्या चौकोनाला गोल कशाला म्हणतात?

वर्गात अकरा मुलं. शिरोड्याची मराठी शाळा,
पुढच्या जूनला उघडेल की नाही, ठाऊक नाही.
मी म्हटलं, उद्या सांगते.
(यालाही आपण विषय गोल करणं म्हणतो,
पण ते तिला सांगितलं नाही.)

रात्री बाबांचे कोश काढले,
वाळवीने कडा कुरतडलेले.
आपला गोल संस्कृताच्या घरातला,
भूगोल-खगोल अशी बडी सोयरीक असलेला.
खेळातला परका. त्याचं कूळ कुणालाच धड माहीत नाही.
सातशे वर्षांपूर्वी इंग्रजीतल्या कुठल्याशा पद्यात
एकदाच डोकावतो. अर्थ: हद्द.
मग दोनशे वर्षं गोल.
(इथे आपला अर्थ घ्यावा. बेपत्ता.)
पुन्हा सापडतो तो शर्यतीच्या टोकाशी
खुंटासारखा उभा.
कुणी म्हणतं, त्याचा पणजोबा एक क्रियापद होतं:
अडवणे, खोळंबून ठेवणे.
कुणी म्हणतं, पुरावा दाखवा.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर
खाजनाच्या बांधावरून मीच गेले बघायला.
भात कापून झालेलं, धसकटं अनवाणी पायांना टोचणारी,
तरी पोरं धावत होती
आणि रुझार, बोटीवरून निवृत्त झालेला तारवटी,
सायकल आडवी टाकून बिनपगारी रेफरी.
सांतोसच्या धक्क्यावर, तो म्हणाला,
रेडिओवाला हा शब्द असा लांबवायचा
की मी चहा ओतून घ्यायचो, प्यायचो,
कप विसळायचो, आणि तो अजून ओ-ओ-ओ वरच.
आमची पोरं आखूड ओरडतात. पोटात काही नसतं ना संध्याकाळचं.

"गोल जालो!"
"ना रे, भायर!"
आणि मग मी तो खांब पाहिला.
उजवीकडचा कळक, रोज रोवायचा, रोज उपटायचा.
डावीकडचा मात्र दगड,
जांभ्याचा, गुडघ्याएवढा, वर कोरलेली फुली.
भाटकाराच्या आणि कोमुनिदादीच्या जमिनीमधली शीव.

सातशे वर्षांचा अर्थ
डोक्यावर कुणाचा तरी ओला शर्ट घेऊन
शेतात उभा.

सुकांतीला हाक मारली. ती गोलात होती,
हातांना जुने मोजे, एकाला अंगठा नाही.
म्हटलं, सापडलं बघ. गोल म्हणजे शीव. हा दगड म्हणजे गोल.
चेंडूचा काही संबंध नाही.
तिने दगडाकडे पाहिलं, मग कळकाकडे.
"आणि तो कळक?"
तोही, मी म्हटलं. जरा चाचरत.
"पण तो आम्ही सरकवतो, बाई.
मोठी पोरं आली की दोन पावलं आत घेतो.
दगड कोण सरकवत नाही?"

रुझार हसला. म्हणाला, ह्या दगडापायी
माझ्या आजापासून फोंड्याच्या कोर्टात केस चालू आहे.
एका बाजूचं म्हणणं, दगड वीतभर सरकवलाय.
दुसरी बाजू म्हणते, भायर.

मला आणखी बरंच सांगायचं होतं,
अडवणारं ते क्रियापद, आणि की
ती जे मोज्यांनी करते
तेच कदाचित शब्दाचं पहिलं काम असावं,
पण तोवर सदाशिवाचा मोठा मुलगा चेंडू घेऊन सुटला होता
आणि ती वळली, गुडघे वाकवले, थुंकली.

चेंडू दगडाच्या बरोबर वरून गेला.
दोरी तिकडे पोचतच नाही, हवेत संपते.
गोल, म्हणाली पाच पोरं.
ना, म्हणाली सुकांती.
रुझारने माझ्याकडे पाहिलं. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा.

काळोख पडेपर्यंत भांडण चाललं.
चेंडू शोधायला कुणी गेलंच नाही.