बुटांची खोली

रात्री नऊनंतर बूट माझ्या ताब्यात.
तेवीस जोड, प्रत्येकाच्या टाचेवर चिकटपट्टी,
पट्टीवर नाव: कॉर्विन, ओडेसा, टॅव्हिश,
आणि अगदी खालच्या फळीवर, कोपऱ्यात, मॅरेन.
पायात बूट नसले की पोरं पळत नाहीत
असं इथं मानतात.
युटाच्या या पठारावर पेट्रोलपंप चौदा मैलांवर,
मधे काटेरी तार, सेजची झुडपं
आणि मार्चपर्यंत बर्फ.

आधी मी टर्कीच्या कारखान्यात होते.
तिथंही रात्रपाळी, तिथंही मोजणं.
मुलाखतीत हे मी फार लांबवलं नाही.

दर पंधरा मिनिटांनी बॅटरी घेऊन फिरायचं.
उजेड तोंडावर नाही टाकायचा, छातीवर टाकायचा.
वरखाली होतेय ना, बघायचं
आणि तक्त्यात खूण करायची.
कुणी आईच्या पर्समधली औषधं संपवलेली,
कुणी शेजाऱ्याची गाडी कालव्यात घातलेली,
कुणाच्या मनगटावर रेघा, कुणाच्या फक्त फायलीत.
झोपेत यातलं काही दिसत नाही.
दिसतात ते पाय,
पांघरुणातून बाहेर आलेले.

इथं ज्यानं त्यानं आपली पायरी ओळखून राहायचं.
खरंच पायऱ्या आहेत, भिंतीवर रंगवलेल्या, पाच.
दुसरीवर दिवसा बूट, तिसरीवर घरी फोन,
दहा मिनिटं, समुपदेशक दुसऱ्या रिसीव्हरवर.
पहिलीवर दिवसरात्र प्लास्टिकच्या सपाता.
मॅरेन चढते, बोलते, उतरते.
तिचे बूट आले त्या दिवसापासून फळीवरच आहेत,
लेस सुटलेल्या.
पहाटे चारला दोन परकी माणसं तिच्या पलंगापाशी होती
आणि दारात बाप.
बूट घाल, मॅरेन.
तेवढंच म्हणाला म्हणे.
लेस बांधायला कुणी थांबलं नाही.

पावणेतीनच्या फेरीला तिचे डोळे उघडे.
"माझे आहेत ना अजून?"
"आहेत."
"उंदीर नाही ना लागले?"
नऊनंतर बोलणं म्हणजे एक पायरी खाली,
आणि तिच्या खाली पायरीच नव्हती.
मी तक्त्यात लिहिलं: झोपलेली.
या नोकरीतलं माझं हे पहिलं खोटं,
असं म्हणायला आवडलं असतं.

मग फेब्रुवारीत एकदा एक बूट काढला
आणि जॅकेटमध्ये लपवून नेला.
का, ते मला नाही सांगता येणार.
तिनं तो नाकाशी धरला. "आमचं गॅरेज," म्हणाली.
मग पाय घातला.
टाच बाहेरच राहिली.
तिनं रेटून पाहिलं, मी रेटून पाहिलं,
आम्ही दोघी अंधारात वाकून
एका बुटाशी झटत होतो आणि मला
हसू आवरेना, तिलाही.

अकरा महिने.
वजन दर सोमवारी, मनाचा रंग रोज, एक ते दहा,
कृतज्ञता शुक्रवारी, तीन ओळींत.
पाय वाढल्याची नोंद कुठल्याच तक्त्यात नाही.

हसणं थांबल्यावर म्हणाली,
"बाबांना कळवू नका."
मी म्हटलं, अगं, नवे पाठवतील की.
"तेच. पाठवतील.
मग कशाला येतील?"

मी बूट परत नेला, फळीवर ठेवला,
टाचेवरची पट्टी निघत होती ती अंगठ्यानं दाबली.
तेवीस जोड.
तीनची फेरी चुकली होती, तीचीही खूण केली.

सहाला सुटते मी.
गाडीच्या काचेवर बर्फ, खरवडायला जुनं कार्ड.
अर्धी काच झाली तेव्हा लक्षात आलं
की नवा नंबर काय लागेल
हे मी तिला विचारलंच नाही,
आणि उरलेली अर्धी काच
तशीच ठेवून निघाले.